भाकरी, पाणी आणि आतड्यातील वस्ती : मालेगावचा एक वेगळा इतिहास

माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंचा समूह आणि त्या जीवाणूंची एकत्रित जनुके यांना शास्त्रज्ञ ‘मायक्रोबायोम’ म्हणतात. हा समूह डोळ्यांच्या रंगासारखा जन्मतः ठरलेला नसतो. आईच्या शरीरातून, घरातल्या माणसांच्या सहवासातून, अन्नातून आणि पाण्यातून तो बालपणीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जमत जातो, आणि पुढे माणूस जे खातो त्यावर त्यातील कोणते जीवाणू टिकतील व कोणते मागे पडतील हे बरेचसे ठरते. म्हणूनच त्याला इतिहास असतो, आणि तो इतिहास राजवंशांच्या सनावळीपेक्षा धान्याच्या कणग्या, विहिरी, गटारे आणि दुष्काळ यांच्या नोंदींतून अधिक नीट वाचता येतो.

या दृष्टीने जगात सर्वाधिक चर्चा झाली ती जपानी लोकांच्या आतड्याची. जपानमध्ये शतकानुशतके समुद्री शेवाळ खाल्ले जाते आणि त्यातील पॉर्फिरान नावाची साखळी-शर्करा मानवी पाचकरसांना मोडता येत नाही. २०१० साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की ही शर्करा मोडणारे विकर तयार करण्याची जनुके समुद्रातील जीवाणूंकडून जपानी लोकांच्या आतड्यातील जीवाणूंकडे आलेली आहेत. बहुधा न शिजवलेल्या शेवाळावर बसून आलेल्या समुद्री जीवाणूंनीच ती पोचवली. २०१६ साली १०६ जपानी व्यक्तींच्या जीवाणूंची इतर अकरा देशांतील लोकांशी तुलना झाली, तेव्हा ही जनुके सुमारे नव्वद टक्के जपानी लोकांत आणि इतरत्र फार थोड्यांत आढळली. शिवाय बिफिडोबॅक्टेरियम हा दूध व शर्करांवर वाढणारा जीवाणू जपानी आतड्यात अधिक आणि मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव कमी असल्याचे दिसले. एका समाजाच्या ताटातील एक पदार्थ त्याच्या पोटातील जीवांच्या जनुकांपर्यंत उतरतो, हे या उदाहरणाने निर्विवाद ठरले. मात्र जपानचे चित्र बऱ्याच अंशी एकसारख्या आहाराचे आहे. जिथे एकाच नदीकाठी दोन वेगळ्या ताटांचे लोक दीड शतक शेजारी राहिले, तिथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आणि अधिक मोलाचा होतो. मोसम नदीने दोन भागांत विभागलेले मालेगाव हे असे गाव आहे.

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे गाव अठराव्या शतकाच्या मध्यात नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेल्या भुईकोट किल्ल्याभोवती वाढले. १८१८ च्या मे-जूनमध्ये अरब शिबंदीने लढवलेला हा किल्ला इंग्रजांनी वेढा घालून घेतला, आणि नंतर तेथे उभ्या राहिलेल्या छावणीची आठवण कॅम्प या भागाच्या नावात आजही टिकून आहे. १८६९ साली स्वतंत्र नाशिक जिल्हा तयार होईपर्यंत मालेगाव खानदेशात मोडत असे. राज्यकारभाराची ही सीमा बदलली तरी स्वयंपाकघराची सीमा बदलली नाही. परिसरातील अहिराणी बोलणारे शेतकरी कुटुंब जेवणाच्या बाबतीत खानदेशीच राहिले.

त्या जेवणाचा कणा बाजरी, ज्वारी आणि उडीद हा होता. पावसाळी पिकात बाजरी, काळ्या जमिनीत ज्वारी, आणि दोन्हींच्या सोबतीला कडधान्ये, अशी कोरडवाहू शेतीची रीत होती. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी, तिच्याबरोबर ठेचा, वांग्याचे भरीत, कढी-फुणके, घट्ट उडदाची डाळ, आणि उन्हाळ्यात आंबील किंवा ताक, हे जेवण गरिबीतून घडले असले तरी पोटातील जीवाणूंच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध होते. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर दगडी बंधारे घालून गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची जी फड पद्धती या भागात होती, तिच्याखालच्या शेतांत ऊस आणि गहूही होत, परंतु ते बाजारासाठी आणि सणासाठी. रोजचे ताट भाकरीचेच असे.

या ताटाचे आतड्यात काय होते, याविषयी ठोस ज्ञान पुण्यातून मिळाले. भरड धान्याच्या आणि डाळींच्या सालीत अरॅबिनोझायलनसारखे तंतुमय पदार्थ असतात. लहान आतडे ते पचवू शकत नाही, म्हणून ते तसेच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तेथील जीवाणू त्यांना आंबवून अॅसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार करतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. ते पुरेसे मिळाले तर अस्तर घट्ट राहते आणि दाह आटोक्यात राहतो. पुण्यातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय व्यक्तींच्या आतड्यात प्रीवोटेला व मेगास्फेरा या दोन जीवाणूगटांचे प्रमाण इतर देशांच्या तुलनेत ठळकपणे जास्त आढळले. प्रीवोटेला हा वनस्पतिज तंतू मोडण्यात निष्णात असलेला गट आहे, आणि २०१० साली पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमधील बाजरी-ज्वारी खाणाऱ्या खेड्यातील मुलांतही तोच मुबलक सापडला होता, तर फ्लॉरेन्सच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता. मेगास्फेराची एक जाती पुण्यातील संशोधकांना निरोगी भारतीयांच्या विष्ठेतून मिळाली आणि २०१४ साली तिला मेगास्फेरा इंडिका हे नाव देण्यात आले. बुर्किना फासो आणि खानदेश यांच्यात रक्ताचे नाते नाही. नाते आहे ते भरड धान्याचे, आणि त्यावरून मालेगाव परिसरातील जुन्या शेतकरी आतड्यातही प्रीवोटेलाचेच वर्चस्व असणार, असे अनुमान सुरक्षितपणे करता येते.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचा विचार करायला हवा. खानदेशातील उन्हाळी वाळवणांत आंबवण्याची क्रिया वारंवार येते : कुरडईसाठी गहू तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवून, वाटून, त्याचा चीक काढतात, आणि बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घालून आंबू देतात. यामुळे हे पदार्थ जिवंत जीवाणूंचे पोषण देतात असे अलीकडे मोठ्या उत्साहाने लिहिले जाते. प्रत्यक्षात चीक शिजवला, वाळवला आणि कुरडई तळली की त्यातील आंबवणारे जीवाणू मरतात; आंबवण्याचा लाभ चवीचा आणि टिकाऊपणाचा असतो. जिवंत जीवाणू पोटात जात ते दह्यातून आणि ताकातून. उलट ज्या शिळ्या भाकरीकडे कोणी कौतुकाने पाहत नाही, तिचे महत्त्व मोठे आहे. शिजलेले पिष्ट थंड झाल्यावर त्याचा काही भाग न पचणाऱ्या रूपात बदलतो आणि तंतूंप्रमाणेच मोठ्या आतड्यातील जीवाणूंना मिळतो. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून शेतावर जाणाऱ्या माणसाची न्याहारी ही या दृष्टीने पूर्ण न्याहारी होती.

दुसरे ताट उत्तरेकडून आले. १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीत आणि पुढच्या दशकातील टंचाईत मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतील मोमीन विणकर मुंबई-आग्रा मार्गाने दक्षिणेकडे सरकले आणि त्यांतील अनेक कुटुंबे मालेगावात स्थिरावली. त्यांच्या हातमागांवर विणली जाणारी रंगीत लुगडी महाराष्ट्रातील शेतकरी आणि कष्टकरी स्त्रिया नेसत. म्हणजे मोसमच्या एका काठावर विणलेले वस्त्र नेसूनच दुसऱ्या काठावरची बाई जात्यावर बाजरी दळत होती. हे व्यापारी नाते इतके घट्ट असूनही दोन्ही घरांतील चूल मात्र वेगळी राहिली. विणकरांच्या ताटात गव्हाची रोटी, डाळ-भात आणि ऐपतीप्रमाणे मांसाचे सालन होते, आणि १९३० च्या दशकापासून यंत्रमाग आल्यावर बारा-बारा तासांच्या पाळ्यांमुळे जेवणाच्या वेळा विस्कटून चहा व बाहेरचे खाणे वाढत गेले.

ताटातील असा फरक भारतातही आतड्यापर्यंत पोचतो, याचा पुरावा आहे. २०१९ साली विनीत शर्मा यांच्या भोपाळमधील गटाने भोपाळ आणि केरळ येथील मिळून ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास केला, तेव्हा मुख्यतः शाकाहारी असलेल्या भोपाळच्या लोकांत प्रीवोटेला आणि मिश्राहारी केरळी लोकांत बॅक्टेरॉइड्स व रुमिनोकोकस हे गट अधिक आढळले. परंतु यावरून मालेगावातील दोन समाजांची पोटे कायमची वेगळी ठरतात असे मानणे चूक होईल. जीवाणू धर्म ओळखत नाहीत आणि जातही नाही. ते अन्न ओळखतात, आणि त्याहून अधिक ते पाणी ओळखतात, कारण एका गावाचे पाणी सर्वांच्या पोटात जाते.

त्या पाण्याचा इतिहास दुःखाचा आहे. एकोणिसाव्या शतकात पटकी, आमांश आणि हगवण यांनी महाराष्ट्रात जितकी माणसे नेली तितकी तलवारीने नेली नाहीत. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात निश्चित करीपर्यंत तिचे कारण हवेत, देवतेच्या कोपात किंवा यात्रेकरूंच्या गर्दीत शोधले जाई. गावात साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा होती. ज्या गावाच्या शिवेवर तो गाडा पोचे, ते गाव तो पुढे ढकली. या प्रथेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे आहे, कारण रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो हे निरीक्षण तीत अचूक होते. चुकला होता तो फक्त त्याचा मार्ग, जो गाडीवाटेचा नसून विहिरीचा आणि नदीचा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्याहून भीषण अशा १८९९-१९०० च्या छप्पन्न्या दुष्काळात, ज्याने गुजरातबरोबर खानदेशालाही पोळले, मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर एकत्र आलेल्या हजारो माणसांत उपासमारीइतकेच बळी पटकी व हगवणीने घेतले. उपाशी माणसाच्या आतड्याचे अस्तर झिजते, त्यातील उपकारक जीवाणूंना अन्न मिळत नाही, आणि मग दूषित पाण्यातून येणाऱ्या जंतूंना रोखणारे कोणीच उरत नाही. दुष्काळ आणि साथ एकमेकांचा हात धरून येत, यामागे हे शरीरातील कारण होते.

मालेगावात नगरपालिका एकोणिसाव्या शतकातच आली, चणकापूरचे धरण विसाव्या शतकाच्या आरंभी झाले आणि गिरणा धरण १९६९ साली. तरीही यंत्रमागांच्या भरभराटीबरोबर वाढलेल्या दाट मोहल्ल्यांत, जेथे मागाची खोली आणि राहण्याची खोली यांत एकच भिंत असे, तेथे गटारे आणि नळ यांची वाढ माणसांच्या वाढीमागे पडली. त्याचे परिणाम एका अनपेक्षित ठिकाणी दिसले.

पोलिओ हा पांगळेपणाचा आजार म्हणून ओळखला जात असला तरी त्याचा विषाणू मुळात आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे पसरतो. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीचे तत्त्वही हेच आहे : अल्बर्ट सेबिन यांनी तयार केलेल्या या लशीतील दुर्बल केलेला विषाणू बालकाच्या आतड्यात वाढावा आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभा करावा. परंतु वेल्लोर येथील टी. जेकब जॉन यांनी फार आधी ओळखले होते, की भारतीय मुलांत ही लस युरोपातील मुलांइतकी लागू पडत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार पोलिओच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध एका मात्रेची परिणामकारकता उत्तर प्रदेशात केवळ ९ टक्के आणि उर्वरित भारतात २१ टक्के होती. दाट वस्ती, वारंवारचा अतिसार आणि आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू यांमुळे लशीच्या विषाणूला जागाच मिळत नसे. म्हणूनच त्याच बालकाला पुन्हा पुन्हा मात्रा द्याव्या लागत, आणि या पुनरावृत्तीनेच पालकांच्या मनात संशय निर्माण केला.

मालेगाव या संशयासाठी देशभर गाजले. लशीमुळे वंध्यत्व येते अशा अफवा पसरल्या, अनेक घरांनी दारे बंद केली, आणि २०१० साली शहरात पोलिओचे रुग्ण आढळले. त्या वर्षी देशात रुग्णांची संख्या झपाट्याने घटत असताना महाराष्ट्रातील एका विणकरी शहरात विषाणू टिकून राहिला होता, ही गोष्ट अडाणीपणाच्या नावे टाकणे अन्यायाचे आहे. ज्या पालकांना नळाला नियमित पाणी आणि दारापुढे बांधलेले गटार मिळाले नव्हते, त्यांच्या दारी सरकार एकाच औषधाचे दोन थेंब घेऊन पुन्हा पुन्हा येत होते. त्यांनी ‘हेच का?’ असे विचारणे स्वाभाविक होते, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर, म्हणजे मुलांच्या आतड्यांची अवस्था, त्यांना फारसे कोणी समजावून सांगितले नाही. स्थानिक डॉक्टर आणि मौलाना लसीकरणाच्या बाजूने उभे राहिले तेव्हा दारे उघडू लागली. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशात मालेगावच्या आयांचा वाटा आहे, आणि तो आदराने नोंदवला पाहिजे.

पाण्याचा प्रश्न सावकाश सुटत असताना धान्याचा प्रश्न वेगाने बदलला, आणि ही कलाटणी १९७२ च्या दुष्काळापासून स्पष्ट दिसते. त्या वर्षी खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या मजुरांना सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लालसर ज्वारी, मिळे. मिलोची भाकरी बेचव म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली, परंतु निदान ती ज्वारीच होती. पुढे रेशनच्या दुकानातून स्वस्त गहू आणि तांदूळ नियमित मिळू लागल्यावर कष्टकरी घरांतही पोळी-भाताने भाकरीला मागे सारले. शेतातही हेच घडले : मालेगाव, सटाणा, कळवण या तालुक्यांत मका, कांदा आणि डाळिंब यांनी बाजरीची जागा घेतली, कारण त्यांना बाजार होता. त्यामुळे उपासमार हटली, आणि ज्यांनी छप्पन्न्याच्या कथा आजोबांकडून ऐकल्या होत्या त्यांना हे वरदानच वाटले. तसे ते होतेही. परंतु साल काढलेला तांदूळ, बारीक चाळलेले पीठ, मैद्याची बिस्किटे आणि साखरेचा चहा यांतून मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्यासारखे फार थोडे उरते. तंतूंवर जगणारे जीवाणू उपाशी राहतात, तेव्हा त्यांपैकी काही आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच खाऊ लागतात, हे प्रयोगांत दिसले आहे. स्थूलता, मधुमेह आणि आतड्याचे दाहजन्य विकार यांच्याशी जीवाणूंच्या घटलेल्या विविधतेचा संबंध अनेक देशांत आढळला आहे, जरी प्रत्येक ठिकाणी कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे अद्याप अवघड आहे.

हा बदल केवळ आहाराचा राहत नाही, तर वंशपरंपरेचा होऊ शकतो. अमेरिकेत गेलेल्या मोंग व कारेन स्थलांतरितांच्या २०१८ सालच्या अभ्यासात प्रीवोटेलाची जागा बॅक्टेरॉइड्सने घेतल्याचे आणि मुलांच्या पिढीत विविधता आणखी घटल्याचे दिसले. त्याआधी २०१६ साली स्टॅनफर्डमधील प्रयोगांत उंदरांच्या चार पिढ्यांना तंतुहीन अन्न दिल्यावर काही जीवाणू असे नाहीसे झाले, की पुन्हा तंतुमय अन्न देऊनही ते परतले नाहीत. माणसांविषयी इतके ठाम विधान करता येत नाही, परंतु मार्ग पूर्ण बंद झालेला नाही असा पुरावाही जवळच्याच देशातून मिळाला. ढाक्यातील मीरपूर या दाट वस्तीत, जिचे जीवन मालेगावच्या मोहल्ल्यांहून फार वेगळे नाही, कुपोषित बालकांना हरभऱ्याचे व शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीन आणि कच्चे केळे यांपासून मुद्दाम जीवाणूंना पोषक असे अन्न तयार करून दिले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या, अधिक उष्मांकाच्या पूरक अन्नापेक्षा या अन्नाने मुलांची वाढ चांगली झाली. यातील हरभरा आणि शेंगदाणा खानदेशच्या कोणत्याही घरात डब्यात भरलेले असतात.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राने २०१९ मध्ये देशातील विविध जनसमूहांच्या सूक्ष्मजीवांचे नमुने गोळा करण्याची मोठी योजना मांडली. अशा कामात जमाती आणि जाती हे घटक धरले जातात, परंतु मालेगावसारख्या शहरात नमुना घ्यावा तो मोसमच्या दोन्ही काठांवरच्या घरांतून, आणि एका घरातील एका व्यक्तीचा न घेता सर्व पिढ्यांचा. पुण्यातीलच २०१२ सालच्या एका अभ्यासाने दोन एकत्र कुटुंबांतील तीन-तीन पिढ्यांचे जीवाणू तपासून याची पद्धत घालून दिलेली आहे. १९७२ साली मिलोची भाकरी खाल्लेल्या स्त्रिया आज आजी-पणजी झाल्या आहेत, त्यांतील काही अजूनही कळण्याची भाकरी थापतात, आणि त्यांची नातवंडे त्याच घरात बिस्किट-चहावर वाढत आहेत; या दोन पिढ्यांची तुलना त्या स्त्रिया हयात आहेत तोपर्यंतच करता येईल.